दुनळीचा वनवास

हिवरखेडसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात जुनी बारा बोअरची दुनळी असलेलं घर लगेच ओळखू येतं. तिथे कापसाच्या भावावर सुरू झालेली बैठक काडतुसांवर येऊन थांबते. तितराला सहा नंबर, सशाला चार, डुकराला एलजी. नंबर वाढला की छर्रा बारीक होतो, हे नातवालाही पाठ. खडकीच्या कारखान्याचं काडतूस बरं की विलायती, यावरून सख्खे भाऊ वर्षभर अबोला धरू शकतात.

अडचण एवढीच, की १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला वेसण घातली आणि १९९१च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचं दारच लावून घेतलं. तितर, लावा सगळे संरक्षित. त्यामुळे सहा नंबर आता फक्त तोंडाने उडतो आणि नेम एकदाही चुकत नाही.

परवाना मात्र पीकसंरक्षणाचा. वावरातली तूर रोही खातात, हरभरा डुकरं उकरतात आणि दुनळी कपाटात बसून तेल पिते. निवडणूक लागली की गोधडीत गुंडाळून तिची रवानगी पोलीस ठाण्यात. कधी झेडपी, कधी विधानसभा, कधी लोकसभा. एवढं माहेरपण गावातल्या लेकींनाही मिळत नाही.

“काय सांगू भाऊ, इले तितर भेत नाही, डुक्करही भेत नाही.”

मग भेतं कोण? परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरणारा मालक!