बाई, तेवढा पिसारा आवरा!

अहो, शोभतं का हे? 12 मार्च 2023 ची रात्र, लॉस एंजेलिसचं डॉल्बी थिएटर, ऑस्करचा सोहळा. जगातली झाडून सगळी बडी मंडळी नटूनथटून खुर्च्यांवर बसलेली, आणि त्यांच्या पुढ्यात ही बाई येऊन टेकते. झगा पांढराशुभ्र. इथवर कुणाची काही तक्रार नाही. पण त्या झग्याचं कापड खांद्यापाशी थांबायलाच तयार नाही! ते जे वर निघालं, ते मानेमागून डोक्यावर गेलं आणि चुण्याचुण्यांचा एक भलामोठा ढग होऊन तिथेच तरंगत राहिलं. समोरून बघणारा म्हणाला, वा, काय रुबाब! मागून बघणाऱ्यांचे फोटो दुसऱ्या दिवशी जगभर फिरले. बिचारे माना तिरक्या करून, त्या ढगाच्या कडेने मंच शोधतायत.

बालगंधर्व रंगमंदिरात पुढच्या रांगेतल्या काकूंचा गजऱ्यासकट अंबाडा आड आला, की आपण "जरा डोकं खाली घेता का हो" म्हणून मोकळे होतो. ऑस्करमध्ये कोण म्हणणार? सगळे घडी घातलेल्या रुमालासारखे सभ्य. मग फोटो पाहून जगानेच तोंडसुख घेतलं. उद्धट म्हणे. शिष्टाचार नाही म्हणे. आणि दुसरीकडे निम्म्या पोरी त्याच झग्यावर जीव टाकून मोकळ्या.

तर ही गायिका टेम्स. पूर्ण नाव टेमिलाडे ओपेनियी. जन्म 1995 चा, नायजेरियातल्या लागोसचा. तिच्या गाण्याला कुणी अ‍ॅफ्रो-फ्यूजन म्हणतं, कुणी अ‍ॅफ्रोबीट्स, कुणी आर अँड बी. ती स्वतः कुठल्या डब्यात बसायला तयार नाही. तेही एक आहेच.

बरं, ऑस्करला ती नुसती मिरवायला गेली नव्हती. 'ब्लॅक पँथर: वाकांडा फॉरेव्हर' या सिनेमातलं रिहानाने गायलेलं 'लिफ्ट मी अप' लिहिणाऱ्या चौघांत ती होती, आणि त्या गाण्याला नामांकन होतं. आता पुढची गंमत ऐका. ते ऑस्कर नेलं कुणी? आपल्या 'नाटू नाटू'ने! म्हणजे मागच्यांना काही दिसलं नसेल, पण या बाईंना संगीतकार कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस बाहुली घ्यायला मंचावर चढताना अगदी स्वच्छ दिसले असणार. जानेवारीत गोल्डन ग्लोबलाही हेच झालेलं. दोन महिन्यांत दोनदा एकाच गाण्याकडून हार! आपल्याकडे पेढे वाटले गेले, गल्लोगल्ली पोरं पाय झटकत नाचली, पण हरलेल्यांत लागोसची एक पोर आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आता आवाजाकडे या. हा खरा गुन्हा. बाईमाणसाचा आवाज कसा असावा, याबद्दल आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचं एकमत आहे: वरच्या पट्टीत, बारीक, मधाळ. हिचा आवाज खाली, छातीतून निघतो, घोगरट म्हणावा इतका जाड, आणि ओळ संपली तरी खोलीत रेंगाळत राहतो. शाळेत असताना तिला त्याची लाज वाटायची आणि ती मुद्दाम उसन्या बारीक आवाजात गायची, असं तिनेच मुलाखतींतून सांगितलंय. आपल्याला यात नवल वाटायचं खरं तर कारण नाही. गंगूबाई हनगलांचा तो पहाडी आवाज ऐकून पुण्यातले श्रोते रात्र रात्र डोलले आहेत. पण ते शास्त्रीय पडलं. तिथे सगळं क्षम्य असतं. प्रेमाचं गाणं म्हणायचं, पोरांनी त्यावर कमरा हलवायच्या, आणि आवाज असा? शिव शिव.

आणि शिक्षण बघा. दक्षिण आफ्रिकेत जाऊन अर्थशास्त्र शिकली. लागोसला परत आली, डिजिटल मार्केटिंगची बरी नोकरी लागली. महिन्याच्या महिन्याला पगार. 2018 मध्ये दिली सोडून! कशासाठी, तर गाण्यासाठी. बरं, गाण्यासाठी कुणा मोठ्या माणसाच्या पायाशी बसावं की नाही? ही यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून संगणकावर ठेका जुळवायला शिकली. लागोसच्या जाणकारांनी सांगून पाहिलं, असलं संथ गाणं नायजेरियात चालायचं नाही बाई, इथे लोकांना नाच लागतो. ऐकलं का? नाही. त्याच वर्षी 'मिस्टर रेबेल' काढलं. शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा, मागचं वाजवणंसवरणंही तिचंच. स्वयंपाकीण तीच, वाढपी तीच! पुढल्या वर्षी 'ट्राय मी' आलं आणि लागोसची पोरं चक्क उभी राहून तेच संथ गाणं घसा फोडून म्हणू लागली. जाणकार मंडळी तेव्हापासून दुसऱ्या विषयांवर बोलतात.

मग आला विझकिड. तो आधीच मोठा तारा. ऑक्टोबर 2020 मध्ये त्याच्या 'मेड इन लागोस' अल्बममध्ये 'एसेन्स' नावाचं गाणं आलं आणि त्यात ही. पाहुणी म्हणून आली आणि ओसरी सोडून माजघरच बळकावलं. गाणं विझकिडचं, पण लोक गुणगुणतात तो भाग हिचा! अमेरिकेला हे गाणं कळायला पुढचा उन्हाळा उजाडला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि त्या घोड्यावर कोण बसलं असेल? जस्टिन बीबर! ऑगस्ट 2021 मध्ये गाणं ऐन भरात असताना हा गृहस्थ एक कडवं गाऊन आत शिरला. आयत्या पिठावर रेघोट्या. गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत नवव्या क्रमांकापर्यंत चढलं. नायजेरियाच्या गाण्याचा तिथे असा पाहुणचार त्याआधी झाला नव्हता. श्रेय कुणाचं, यावर लागोसमध्ये जी भांडणं झाली, त्यांत मी पडत नाही. (विझकिड आणि टेम्सचं. झालं?)

मध्ये एक भानगड राहिलीच. डिसेंबर 2020, युगांडातलं कम्पाला. कार्यक्रम झाला, कोरोनाचे नियम मोडून गर्दी जमवली असा ठपका आला आणि टेम्स नि ओमा ले हा दुसरा गायक, दोघांना पोलिसांनी आत टाकलं. देशोदेशी आरडाओरडा झाला, मग आरोप मागे घेतले आणि दोघांना घरी धाडलं. युगांडात तेव्हा निवडणुकीच्या प्रचाराची धामधूम होती. पण रोग गाण्याच्याच गर्दीत पसरतो, हे तर शास्त्रच आहे.

आणि 2022 चं प्रकरण म्हणजे उघडउघड अन्याय. आम्ही मेले राब राब राबतो, आणि हिने काय केलं? काही नाही! तिचं 'हायर' नावाचं जुनं गाणं होतं, 2020 च्या 'फॉर ब्रोकन इअर्स'मधलं. ते तिने एकदा श्रोत्यांसमोर गायलं, त्याचं ध्वनिमुद्रण होतं. अमेरिकेतल्या फ्यूचर नावाच्या रॅपरने तेच उचलून आपल्या 'वेट फॉर यू'ला बैठक म्हणून वापरलं, वर ड्रेकला घेतलं, आणि गाणं आलं ते थेट बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर. नियमाप्रमाणे टेम्सचं नाव त्यात. 2023 च्या फेब्रुवारीत त्यालाच ग्रॅमी. घरी बसल्या पितळेचं सोनं झालं! तोवर बियॉन्सेनेही तिला आपल्या 'मूव्ह'मध्ये घेतलेलंच होतं. लोक वशिला लावतात, ही नुसता गळा मोकळा करते.

तिचा पहिला पुरा अल्बम 'बॉर्न इन द वाइल्ड' निघाला 2024 च्या जूनमध्ये. अठरा तुकडे. सगळेच काही उतरलेले नाहीत. मधले दोन-चार सारखेच वाटतात आणि ऐकणारा चहा टाकायला उठतो. पण 'लव्ह मी जेजे' लागलं की चहा उतू जातो. आता त्यातही खुसपट काढायला जागा आहे, कारण मुखडा आहे सेयी सोडिमूच्या 1997 च्या गाण्याचा, जे नायजेरियात आयांच्या पिढीला तोंडपाठ. म्हणजे आईचं पातळ नेसून लेक मिरवायला निघाली! श्रेय मात्र चोख दिलंय, त्यामुळे चोरीचा आरोप करता येत नाही, ही मोठी पंचाईत. 2025 च्या ग्रॅमीत आफ्रिकी गाण्याचा पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि हरलेल्यांत विझकिड होता, बर्ना बॉय होता. बर्ना बॉय म्हणजे ज्याने अ‍ॅफ्रो-फ्यूजन हे बिरुद गाजवलं तोच. घरच्या पंगतीत थोरल्यांच्या आधी पान वाढून घेतलं!

त्याच वर्षी जानेवारीच्या शेवटी शेजारच्या काँगोत युद्ध पेटलेलं असताना रवांडातल्या किगालीचा जाहीर झालेला कार्यक्रम तिने रद्द केला. रवांडातले चाहते चिडले, काँगोवाल्यांनी पाठ थोपटली. पुढच्याच महिन्यात सॅन डिएगोच्या फुटबॉल क्लबात मालकीचा हिस्सा घेतला. गाणारणीने फुटबॉल क्लब घ्यायचा! आमच्या वेळी गाणारणी फार तर फ्लॅट घेत.

तेवढ्यावर थांबली असती तर? जुलै 2025 मध्ये न्यू जर्सीत क्लब विश्वचषकाची अंतिम लढत, चेल्सी विरुद्ध पॅरिस. मध्यंतरात गायला डोजा कॅट, जे बाल्विन आणि अर्थात ही. चेल्सी 3-0 जिंकली. आता नीट लक्ष द्या. तिन्ही गोल मध्यंतराच्या आधीचे. ही गाऊन गेल्यानंतर दोन्ही संघांना मिळून एक गोल मारता आला नाही. मी कुणाचं नाव घेत नाही हं, पण कानावर आलं ते तुम्हाला सांगितलं.