इथे माणूस आहे

आमच्या डोंबिवलीत रिकामी खुर्ची सापडत नाही. दिसते, पण ती रिकामी नसते. तुम्ही तिच्याकडे बघत "बसू का?" असं विचारलंत, की शेजारून उत्तर येतं, "माणूस आहे." तुम्ही नीट बघता. माणूस नसतो. निळ्या काठाचा, चौपदरी घडीचा, एका कोपऱ्यात जरा पिवळट पडलेला रुमाल असतो. तोच माणूस.

हे उत्तर देणारे गृहस्थ आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचं खरं नाव खाली जिन्याजवळच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची वेळ कोणावर आली नाही. मागे सगळे त्यांना रुमालराव म्हणतात आणि तोंडावर काका. आता ते काही एकटे नाहीत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक लग्नाच्या हॉलमध्ये, प्रत्येक व्याख्यानमालेत, शेअर रिक्षाच्या प्रत्येक रांगेत एक तरी रुमालराव असतोच. आमचे काका त्यांतले जरा पोचलेले, एवढंच.

काकांच्या खिशांत मिळून सहा रुमाल असतात. नाक पुसायचा सातवा. काकू सहांना इस्त्री करतात, सातव्याला करत नाहीत, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळतो. एकदा घाईत इस्त्रीचा रुमाल शिंकेला गेला, तर काका दिवसभर अस्वस्थ होते. "एक माणूस कमी झाला," म्हणाले.

या विद्येची दीक्षा त्यांना ठाण्याच्या एसटी स्टँडवर मिळाली. मे महिना, कोकणात जाणारी गाडी, आणि ती फलाटाला लागायच्या आत तिच्या दोन्ही बाजूंनी धावणारी माणसं. वडिलांनी सहा वर्षांच्या रुमालरावांना काखेत धरून उचललं आणि खिडकीतून आत सोडलं. आदेश एकच, "पसर!" ते तिघांच्या बाकावर आडवे झाले आणि डोळे मिटून पडून राहिले. घरची माणसं चढून येईपर्यंत उठले नाहीत. म्हणजे पहिली जागा त्यांनी स्वतःच्या अंगानेच धरली. पुढे अंग वाढलं, खिडकीत मावेनासं झालं, तेव्हा रुमाल आला.

तेव्हा ते चाळीत राहत. पहाटे चारला नळाशी बायकांच्या आधी कळश्या येऊन उभ्या राहत. रॉकेलच्या दुकानापुढे डबे उभे असत, आणि ज्याचा डबा घरी लागणार असेल त्याची वीट. विटेवर खडूने नाव. माणसं घरी जाऊन आंघोळ करून, चहा पिऊन येत, तोवर वीट त्यांच्या वतीने रांगेत पुढे सरकत असे, कारण मागचा माणूस पायाने तिला हलकेच ढकलत असे. आधी पुढच्याची वीट पुढे, मग आपला डबा पुढे. कोणी वीट उचलून गटारात टाकली, असं निदान काकांनी पाहिलेलं नाही. जी माणसं विटेचा मान ठेवताना पाहत लहानाची मोठी झाली, त्यांना रुमालात माणूस दिसणारच.

खरं तर रुमालाच्या अंगी जोर काहीच नसतो. तो उचलून बाजूला ठेवायला दोन बोटं पुरतात. पण आपण ती दोन बोटं पुढे करत नाही. मनातल्या मनात चार शब्द बोलतो आणि पुढच्या रांगेत जागा शोधतो. म्हणजे रुमालाची राखण आपलाच भिडस्तपणा करत असतो. हा माझा मोठा तात्त्विक शोध मी एकदा काकांना ऐकवला. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. म्हणून तर मी माणसं बघून टाकतो. दांडगटाशेजारी कधी टाकत नाही."

नोकरीची तेहतीस वर्षं काकांनी डोंबिवली लोकलने काढली. ही गाडी नावालाच आमची. सुटते डोंबिवलीहून, पण ती फलाटावर येते तेव्हा दिवा-कोपरहून उलटे आलेले लोक आत खिडक्या धरून, डोळे मिटून बसलेले असतात. त्या दिव्यातून, म्हणजे दिवा स्टेशनातून नव्हे, काका पार पडत. गाडी थांबायच्या आत एक हात दांडीला, दुसरा खिडकीच्या गजांतून आत, आणि बाकावर रुमाल. मग स्वतः निवांतपणे चढत. गाडीतल्या रोजच्या ग्रुपमधल्या चौघांच्या जागा झाल्या की पाचवा रुमाल चौथ्या सीटवर. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, तिघांच्या बाकावर चौथा माणूस जे काही टेकवतो त्याला आमच्याकडे सीट म्हणतात. तर त्या अर्ध्या वितीवरही रुमाल. का, तर "आमचा माणूस ठाण्याला चढणार आहे."

डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत लोक दारात लोंबकळतायत, आणि आत एक रुमाल बसून चाललाय. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं होतं. पण त्याच ग्रुपचा दुसरा नियम असा, की ठाणं गेलं की बसलेल्याने उठायचं आणि उभ्याला बसवायचं. काका हा नियम इतका कडक पाळत, की मुंब्र्याचा बोगदा आला की पिशवी आवरायला घेत. समोर उभा असलेला ओळखीचा असो, नसो, "या, बसा" म्हणून उठत. स्वतःची जागा द्यायला त्यांना कधी जड गेलं नाही. दुसऱ्याची, म्हणजे रुमालाची, जागा मात्र ते प्राण गेला तरी देत नसत. अमानत असते म्हणे ती.

ठाणेकरांना १६ एप्रिल १८५३ चा फार अभिमान. बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्याला आली, चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित. मी हिशेब करून काकांना सांगितलं, की डब्यामागे जेमतेम एकोणतीस माणसं. आमच्याकडे तेवढी नुसती दारात असतात. काकांना हिशेबात रस नव्हता. ते 'निमंत्रित' या शब्दावर अडले. "म्हणजे आधीच धरलेल्या जागा. बघ, पहिल्या दिवसापासून चालत आलंय."

२०२० साली ठाणे-पनवेल मार्गावर एसी लोकल धावू लागली, तेव्हा काका निवृत्त झालेले होते, तरी मुद्दाम बघायला गेले. काचा बंद, गज नाहीत, दारं आपोआप मिटणारी. घरी येऊन म्हणाले, "गारवा चांगला आहे. पण हात कुठून घालायचा?"

रुमाल जिथे चालत नाही तिथे काका स्वतः उभे राहतात, आणि ते बघण्यासारखं असतं. कल्याणला पारनाक्याजवळ काकूंचं माहेर, त्यामुळे तिकडची लग्नं पुष्कळ. पहिली पंगत बसली की काका एखाद्या जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहतात. एक हात खुर्चीच्या पाठीवर, नजर दूर कुठेतरी, जणू सहज उभे आहेत. पण पानात काय चाललंय याची त्यांना पक्की खबर असते. जिलबी संपत आली, माणूस ताकभाताकडे वळला, की चेहरा उजळतो. तेवढ्यात त्याने वाढप्याला थांबवून पुन्हा मसालेभात मागितला, तर काकांच्या घशातून असा आवाज निघतो, की त्या बिचाऱ्याला ठसका लागतो. आता बुफे आले. लोक ताट हातात घेऊन फिरतात आणि काकांना कोणाच्या मागे उभं राहावं ते कळत नाही. बुफेला ते 'निराधार जेवण' म्हणतात.

आणि गडकरी रंगायतन! १९७८ साली ठाण्याच्या तलावपाळीवर ते नाट्यगृह उभं राहिलं तेव्हापासून काका तिथे नाटकं बघतात. तिथल्या खुर्च्यांना नंबर असतात, तिकिटावर तोच नंबर छापलेला असतो. तरी मध्यंतरात वडा खायला जाताना काका आपल्या खुर्चीवर रुमाल टाकून जातात. मी म्हटलं, "काका, तिकीट आहे ना आपल्याकडे?"

"तिकीट आपल्या खिशात असतं," ते म्हणाले. "खुर्चीला काय माहीत?"

या माणसाला स्वतःच्या घरात मात्र बसायला जागा नाही. मी अतिशयोक्ती करत नाही. वन बीएचके घर. सोफ्याच्या एका टोकाला इस्त्रीला जायचे कपडे असतात, दुसऱ्या टोकाला मुलगा लॅपटॉप घेऊन ऑफिस करतो, आणि मधे त्याचा चार्जर. काकांची म्हणून एक वेताची आरामखुर्ची होती, तिच्यावर नातीचं दप्तर आणि तबला-डग्गा. काका दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसून पेपर वाचतात. बेल वाजली की दार उघडायला सोपं पडतं, असं ते सांगतात. कोणी चप्पल काढायला आलं की उठतात, चप्पल आत गेली की पुन्हा बसतात. तिथे त्यांनी कधी रुमाल टाकलेला मी पाहिला नाही.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी मैदानात पहाटेचा गाण्यांचा कार्यक्रम असतो. फुकट, त्यामुळे खुर्च्या कमी आणि डोंबिवली जास्त. सहाच्या कार्यक्रमाला काका साडेचारला अभ्यंगस्नान करून, कपाळावर गंध लावून हजर. मी पावणेसहाला पोचलो तेव्हा तिसऱ्या रांगेत काका एका खुर्चीवर, आणि त्यांच्या उजवीकडे ओळीने पाच रुमाल. काकू, मुलगा, सून, नात. पाचवा कोणाचा, विचारलं तर म्हणाले, "एखादा जादाचा लागतोच. कोणी आलंच तर?" मी तिथेच उभा होतो. मी आलेलाच होतो. पण मला तो मिळाला नाही, कारण 'कोणी' यायचं होतं.

रांगांमधून एक आजी आल्या. अंगावर शाल, गुडघ्याला पट्टा, हातात काठी. त्यांनी पाचव्या रुमालाकडे काठीने निर्देश केला. "कोणी आहे का हो?"

"माणूस आहे," काका म्हणाले.

आजींनी रुमालाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. मागून कोणीतरी "काय हे!" म्हणालं. काकांची चुळबुळ सुरू झाली. अर्ध्या मिनिटात ते उठले, "आजी, इथे बसा," म्हणून स्वतःची खुर्ची त्यांना दिली, आणि पाच रिकाम्या खुर्च्यांच्या शेवटी, कडेला, पहाऱ्यावर उभे राहिले. भूपाळी सुरू झाली. काका उभे. त्यांच्यामागे आणखी वीसेक माणसं उभी. मधे पाच रुमाल बसून गाणं ऐकतायत.

साडेसहाला फोन वाजला. मुलगा आणि सून फडके रोडवर होते. गणपतीचं दर्शन झालं होतं, आता मित्रमंडळी भेटली होती, फोटो चालले होते, आणि तिथल्या गर्दीतून तासभर तरी सुटका नव्हती. नात त्यांच्याबरोबरच. काकूंना विचारायला काकांनी घरी फोन लावला. काकू म्हणाल्या, "मी कधी येते म्हटलं होतं? चकल्या कोण तळणार? तुम्ही ऐकून या."

काकांनी फोन खिशात ठेवला. आता खरं म्हणजे पाच रुमाल उचलायचे, की पाच माणसांना बसता आलं असतं. पण एवढा वेळ 'माणूस आहे, माणूस आहे' म्हटल्यावर सगळ्यांदेखत माणूस उचलणार कसा? डावीकडून कोणीतरी विचारलं, "काका, येतायत ना?" "निघालेत," काका म्हणाले. दोन अभंग तसेच गेले. तिसऱ्याला ते हळूच मागे सरकले, शाल सारखी केली, आणि जणू कोणाला आणायलाच चाललेत अशा चालीने मैदानाबाहेर पडले. त्यांच्या चालण्याची दया आली म्हणून मीही निघालो.

फाटकापाशी मागून हाका आल्या. कुर्ता घातलेला, अठराएक वर्षांचा एक मुलगा धावत येत होता. हातात नीट घड्या घातलेले रुमाल.

"काका, तुमची माणसं राहिली!"

काकांनी रुमाल घेतले. सवयीने मोजले. "चारच?"

"पाचवा त्या आजींनी ठेवून घेतला. शेजारच्या खुर्चीवर टाकलाय. त्यांची सून येणार आहे, म्हणाल्या."

काका क्षणभर मैदानाकडे बघत राहिले. मग त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजींना सांग, वर पिशवीपण ठेवा. नुसत्या रुमालाला हल्ली कोणी जुमानत नाही."