रेटकाका

पनवेलच्या प्रत्येक सोसायटीत एक रेटकाका असतात. आमच्याकडचे तळोज्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात परचेसला होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय ते आजही कोथिंबिरीची जुडी घेत नाहीत. लग्नाची पत्रिका द्यायला जा, आधी हॉलचा रेट विचारतील, मग मुलीचं नाव. दवाखान्यात कुणाला बघायला गेले, की दारातूनच एसी, सोफा, खिडकी असं सगळं न्याहाळून "दिवसाला किती?" म्हणतात. पेशंटची तब्येत त्यांना त्या आकड्यावरून कळते.

अशा माणसानं जपानला जायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं काकूंनी. काकांकडे फक्त खरेदी आली. काकूंची अट एकच होती. बाकी कुठंही झोपवा, पण एक रात्र रयोकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी उतारघरात राहायचं. ताटामीच्या चटया, अंगात युकाता, गरम झऱ्याच्या पाण्यानं आंघोळ आणि खोलीत आणून वाढलेलं जेवण.

काकांनी लगेच कम्पॅरिटिव्ह स्टेटमेंट आखलं आणि पहिल्याच रकान्यात अडले. रयोकानचा दर खोलीला नसतो, माणशी असतो.

"खोली एक, दिवा एक, भिंती त्याच चार. मग पैसे दोघांचे का?"

"काका, दिवेआगरला तुम्ही दरवर्षी जाता. तिथं घरगुती राहण्या-जेवणाचे माणशीच देता की!"

"तिथं उकडीचे मोदक असतात."

यावर काय बोलणार? खरं तर दोन्हीकडचा हिशेब एकाच जातीचा आहे. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी दरातच धरलेली असते, म्हणून यजमान भिंती मोजत नाही, पानं मोजतो. दुपारी तीनच्या सुमारास खोली मिळते, संध्याकाळी सहा-सातला जेवण, आणि सकाळी दहाला बाड-बिस्तरा आवरायचा. मधल्या प्रतीच्या रयोकानला माणशी १५ ते २५ हजार येन पडतात. येन साठ पैशांच्या आतबाहेर धरला तर दोघांचे एका रात्रीचे १८ ते ३० हजार रुपये. हा गुणाकार झाल्यावर काका दोन दिवस कट्ट्यावर आले नाहीत.

आले ते नव्या मुद्द्यासह. जगातलं सगळ्यांत जुनं हॉटेल म्हणून गिनेसमध्ये नोंद असलेलं केइउनकान हे यामानाशी प्रांतातलं रयोकान इसवी सन ७०५ पासून चालू आहे, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. एखादा थक्क झाला असता. काका म्हणाले, "तेराशे वर्षं झाली! इमारतीचे पैसे केव्हाच वसूल झाले असणार. मग अजून एवढा रेट कशाला?"

त्यापुढचा घाव आंघोळीचा. झऱ्याच्या स्नानावर बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन कर असतो. "अंगाला पाणी लावायचा टोल!" असं म्हणून त्यांनी लाल शाईनं तो वेगळा दाखवला. त्या कुंडात कपडे घालून उतरायचंच नसतं, पुरुषांचं कुंड वेगळं, बायकांचं वेगळं, आधी साबणानं स्वच्छ होऊन मगच पाण्यात जायचं, हे कळल्यावर काकू जरा विचारात पडल्या. काकांनी मात्र पोहण्याच्या पोशाखाचा खर्च शांतपणे वजा केला.

मग त्यांनी एका रयोकानला ईमेल धाडलं. 'काइंडली कोट युवर बेस्ट प्राइस', परचेसमधला जुना मजकूर. उत्तर इतकं लीन होतं, त्यात इतक्या वेळा क्षमा मागितली होती, की काकांनी कट्ट्यावर विजय जाहीर केला. शेवटच्या ओळीत दर तोच होता, हे काकूंनी वाचून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काकांना वाकून नमस्कार करत एक पैसाही सोडला नव्हता.

तेव्हा काका देवाकडे वळले. वाकायामा प्रांतातल्या कोयासानच्या डोंगरावर पन्नासेक मंदिरांत यात्रेकरूंची राहण्याची सोय आहे. जेवण शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. "भक्तनिवास!" काका ओरडले. शेगावचा अनुभव पाठीशी असल्यामुळे त्यांनी रकान्यात आकडाही अंदाजानं भरून टाकला. पण तिथंही माणशी १० हजार येनच्या पुढेच निघाले. काका मागे हटणारे नव्हेत. २०१५ साली मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते कोयासान विद्यापीठात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं होतं, हे त्यांनी शोधून काढलं. "आपल्या शिष्टमंडळाला काय रेट लावला होता, ते माहितीच्या अधिकारात विचारता येईल का?"

शिवाय विमानतळ आता आपल्या तालुक्यातच आला, टोकियोचं थेट विमान इथून सुटेपर्यंत थांबलं तर अंधेरीपर्यंतची टॅक्सी वाचेल, असाही एक ठराव त्यांनी मांडून पाहिला. काकूंनी तो चर्चेलाही घेतला नाही.

शेवटी एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दराचा, सापडला. मिन्शुकू. कुटुंबानं चालवलेलं साधं घर, न्हाणीघर सामाईक, गाद्या आपल्या आपण घालायच्या. दोन्ही जेवणं धरून माणशी आठ-दहा हजार येन, आणि जेवण वगळून 'सुदोमारी' घेतलं तर आणखी कमी. काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "गाद्या मी घालीन. तू इथून थेपले आणि उपम्याची पाकिटं घे. छोटी किटली माझ्याकडे आहे. अगं, निम्म्यात होतंय!"

काकू पापलेट साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अहो, कपात नेमकी कशात केलीत? दुसऱ्यानं घातलेली गादी आणि दुसऱ्यानं वाढलेलं पान, एवढ्यासाठीच तर जायचं होतं मला. थेपले करायला आणि किटली लावायला मी पनवेललाही असते."

काका गप्प.

"तुम्हाला परवडत नसेल तर माझं एकटीचं बुकिंग करा. दर माणशीच आहे ना?"

काकांनी चष्मा लावला, फाईल उघडली, बराच वेळ बोट फिरवलं. रयोकानमध्ये एकट्या माणसाला खोली द्यायला बरेच जण नाखूश असतात. दिलीच तर माणशी दर वाढतो.

"एकटीला महाग पडतंय," ते म्हणाले.

"मग या तुम्हीही."

संध्याकाळी दोघांचं बुकिंग झालं, जेवणांसकट, खऱ्या रयोकानमध्ये. स्टेटमेंटची प्रत काकांनी मला दाखवली. काकूंच्या नावापुढे पूर्ण रक्कम होती. स्वतःच्या नावापुढे त्यांनी शेरा मारला होता : 'दर कमी पडावा म्हणून सोबत.'