फुकटचा नंबर, पाच आकडी पावती

ईआयएन फुकट मिळतो. अमेरिकेचं करखातं, म्हणजे आयआरएस, धंद्याच्या या नऊ आकडी नंबरासाठी एक सेंटही घेत नाही. तिथल्या माणसाकडून नाही आणि सोलापूरच्या माणसाकडूनही नाही. हे वाक्य अशोक चौकात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या फाटकावर ठळक रंगवून लावावं. कारण याच शहरातली पोरं-पोरी या नंबरासाठी पाच आकडी रकमा मोजतायत, आणि त्यांना 'थांब' म्हणणारं कुणी नाही.

परवा एका टॉवेल कारखानदाराच्या मुलीने मला तिची पावती दाखवली. सगळ्या पावतीवर एकच ओळ: 'यूएसए कंपनी पॅकेज, ईआयएनसह'. त्यात तिथल्या राज्याची फी किती, पत्त्याचं भाडं किती, एजंटाची मजुरी किती, याचा पत्ता नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच मार्केट यार्डात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. सगळा महाराष्ट्र हळहळला. पण त्या पट्टीवर हमाली, तोलाई, गाडीभाडं लिहिलेलं होतं, म्हणून तर तो अन्याय जगाला दिसला. अमेरिकेचा नंबर विकणारा तेवढी पट्टीसुद्धा देत नाही.

खुद्द अमेरिकेतही हे दुकान चालतं. सरकारी वाटतील अशी पानं उभारून फुकटच्या ईआयएनसाठी ३०० डॉलरपर्यंत उकळणाऱ्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ साली इशारेपत्रं धाडली. तिथलं सरकार निदान आपल्या लोकांना सावध तरी करतं. आपल्याकडे हे काम कुणाचंच नाही.

आता तो फॉर्म. नाव एसएस-४. १९३६ साली अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची नोंदणी सुरू झाली तेव्हा मालकांसाठी टपाल खात्यामार्फत वाटला गेलेला हा कागद अजून चालू आहे. भरायचं पान एकच. पहिल्या ओळीत धंद्याचं नाव, चौथी-पाचवीत पत्ता, आठवीत कंपनी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची, आहे का आणि भागीदार किती, दहावीत नंबर कशासाठी हवा, सोळावीत धंदा कोणता. पत्ता सोलापूरचा चालतो. साखर पेठ, ४१३००५ लिहिलं म्हणून कुणी फॉर्म परत करत नाही. फक्त घर-गल्लीच्या जागी पोस्ट बॉक्स नंबर चालत नाही.

सगळी भीती '७ ब' या एका ओळीत भरून ठेवली आहे. जबाबदार व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन, म्हणजे वैयक्तिक करनंबर, तिथे विचारतात. आपल्याकडे दोन्ही नसतात. एजंट नेमका इथे बोट ठेवतो: "हे बघ, हा नंबर नाही तर तुझं काम होणार नाही. आधी आयटीआयएन काढू, त्याचे वेगळे." खोटं आहे हे. ज्याला ते नंबर नाहीत आणि मिळण्याजोगेही नाहीत, तो परदेशी माणूस त्या ओळीत 'फॉरिन' लिहितो आणि पुढे जातो. आयटीआयएन ही वेगळीच वस्तू. ती १९९६ पासून आहे, डब्ल्यू-७ या फॉर्मवर मागायची असते, आणि बहुतेकांना कर-विवरणपत्रासोबतच मिळते. ईआयएनच्या वाटेवर ती टोलनाक्यासारखी उभी केली, ती विकणाऱ्यांनी.

एक अडचण मात्र खरी आहे. ते दोन नंबर नसतील तर आयआरएसच्या संकेतस्थळावर ईआयएन मिळत नाही. मग फोन, फॅक्स किंवा टपाल. ज्यांच्या धंद्याचं मुख्य ठिकाण अमेरिकेबाहेर आहे त्यांच्यासाठी फोनची खास ओळ आहे: अधिक एक, २६७-९४१-१०९९. ती टोल-फ्री नाही, आयएसडीचे पैसे पडतात. वेळ सोमवार ते शुक्रवार, त्यांच्या पूर्व किनाऱ्याच्या सकाळी ६ ते रात्री ११. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेतीनपासून आणि हिवाळ्यात साडेचारपासून. यंत्रमागाची दिवसपाळी उरकत येते तेव्हा तिथे खिडकी उघडते.

फोन लागला की पलीकडचा माणूस भरलेल्या फॉर्मचीच एकेक ओळ विचारत जातो. म्हणून फॉर्म आधी भरून समोर ठेवायचा. नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगायचं, घाई करायची नाही, आणि इंग्रजी तोडकंमोडकं आहे म्हणून लाजायचं नाही. त्या खुर्चीवरचा माणूस दिवसभर जगभरातलं इंग्रजी ऐकत असतो. शेवटी तो नऊ आकडे सांगतो. ते फॉर्मच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे. खात्रीचं पत्र, सीपी ५७५, मागाहून टपालाने येतं. ते हरवलं तर १४७सी नावाचं दुसरं पत्र मागता येतं. कंपनी तिथल्याच एखाद्या राज्यात नोंदवली असेल आणि फोनवर अडवलं, तर सही केलेला फॉर्म फॅक्स करायचा किंवा ओहायोतल्या सिनसिनाटीला टपालाने धाडायचा. टपालाला चार-पाच आठवडे धरून चाला. फॅक्स लवकर होतो, पण त्यावर आपला परतीचा फॅक्स नंबर हवा.

एवढंच आहे हे काम. ज्या घरात आई धाग्याचा गोंधळ न होऊ देता टॉवेलच्या काठावर नक्षी उतरवते, त्या घरातल्या पदवीधर पोराला हे एक पान भरता येणार नाही, असं त्याला कुणी पटवलं?

याच फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एक तक्ता आहे. त्याचा मथळाच विचारतो, तुम्हाला ईआयएन लागतो का? विकणारे हे पान उलटत नाहीत. कारण ते वाचलं तर निम्मं गिऱ्हाईक उठून जाईल.

इथून सॉफ्टवेअरचं काम करून अमेरिकेच्या कंपनीला बिल पाठवणाऱ्याला ईआयएन लागत नाही. तो डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरतो, त्यात आपला पॅन लिहितो, आणि काम भारतात बसून केलेलं असल्यामुळे त्या मेहनतान्यावर तिथला कर लागत नाही. यूट्यूबवर चॅनल चालवणाऱ्यालाही लागत नाही. जून २०२१ पासून अमेरिकन प्रेक्षकांकडून होणाऱ्या कमाईवर तिथला कर कापला जायला लागला तेव्हा किती पोरं घाबरून एजंटांकडे धावली! तिथेही तोच डब्ल्यू-८बेन, तोच पॅन. भारत-अमेरिका कर-करार १९८९ चा आहे. त्याचा आधार घेतला की कपात १५ टक्क्यांवर येते. ॲमेझॉनच्या अमेरिकन बाजारात चादर विकायची तर भारतातली प्रोप्रायटरी किंवा कंपनी चालते. त्यासाठी लागतो तो आपला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटी या परकीय व्यापार खात्याकडे ५०० रुपयांत मिळणारा, आणि जीएसटी न भरता निर्यात करायची तर एलयूटी हे हमीपत्र.

ज्यांना ईआयएन खरोखर लागतो ते वेगळे. तिथे एलएलसी काढणारे, तिथे माणसं नेमणारे, किंवा स्वतःच आयातदार होऊन माल उतरवणारे. या तिसऱ्या गटालासुद्धा ईआयएन नसेल तर तिथलं सीमाशुल्क खातं स्वतःचा नंबर देऊ शकतं. टॉवेलचे कंटेनर भरणारे आपले बहुतेक कारखानदार माल विकतात तो तिथल्या खरेदीदाराला. आयातदार तो असतो, नंबर त्याचा असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, आणि २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफीही काढून घेतली. शहर हादरलं. लगेच नवा माल बाजारात आला: 'अमेरिकन कंपनी काढा, शुल्क वाचवा.' हे ऐकून माझं डोकं फिरलं. शुल्क ठरतं ते माल कुठे तयार झाला यावर, कंपनी कुठे नोंदवली यावर नाही. सोलापुरात विणलेला टॉवेल अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या कंपनीच्या नावाने गेला तरी सोलापुरीच राहतो. त्याचं भौगोलिक मानांकन आपण ज्या कारणासाठी मिरवतो, तेच कारण तिथला कस्टम अधिकारी वाचतो. शुल्काचे दर खाली-वर होत राहतील, हा नियम तोच राहील. संकटात सापडलेल्या माणसाला असं काही विकणं ही लूट आहे, दुसरा शब्द नाही.

आणि नंबर हातात आल्यावर काय, हे तर पॅकेजमध्ये नसतंच. परदेशी माणसाच्या एकट्याच्या मालकीची अमेरिकन एलएलसी असेल तर तिला दरवर्षी फॉर्म ५४७२ द्यावा लागतो, ११२० चं नाममात्र पान वर जोडून, साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत. २०१७ पासूनचा नियम आहे. कमाई शून्य असली तरी सुटका नाही, कारण मालकाने कंपनीत घातलेलं भांडवलसुद्धा तिथे दाखवायचा व्यवहार धरतात. नाही दिला तर दंड २५,००० डॉलर. वीस लाख रुपयांच्या वर. सोलापुरात एवढ्या पैशात किती माग उभे राहतात, हे ज्याचं त्याने मोजावं. शिवाय राज्याचं देणं वेगळं: वायोमिंगला वर्षाला किमान ६० डॉलर, डेलावेअरला ३००.

ही झाली तिकडची बाजू. इकडे रिझर्व्ह बँकेचे परदेशी गुंतवणुकीचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये नव्याने आले. त्यांच्या लेखी बाहेर कंपनी काढणं ही गुंतवणूक आहे. बँकेमार्फत फॉर्म एफसी भरायचा, यूआयएन हा ओळख क्रमांक घ्यायचा, मग पैसे पाठवायचे, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर हा वार्षिक अहवाल द्यायचा. एजंटाच्या पानावर क्रेडिट कार्ड घासून ही पायरी होत नाही. आयकराच्या विवरणपत्रात शेड्यूल एफए भरून ती कंपनी आणि तिचं खातं दाखवावं लागतं. दडवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड समोर येऊ शकतो. चोवीस वर्षांच्या मुलाला 'तीन दिवसांत अमेरिकन उद्योजक व्हा' म्हणून ओढणारा यातलं एक अक्षर बोलत नाही. आणि तो मुलगा म्हणतो, "सर, ते सगळं मी त्यांच्यावर सोडलंय की." सोडता येत नाही, बाळा. फॉर्मवर सही तुझी आहे. एजंटाचं नाव आलंच तर 'थर्ड पार्टी डेझिग्नी'च्या चौकटीत येतं, आणि नंबर मिळाला त्या क्षणी त्याचा अधिकार संपतो. दंडाचं पत्र येतं ते कंपनीच्या नावाने, म्हणजे तुझ्या.

तरीही मी या पोरांना हावरट म्हणणार नाही. ती वायोमिंगला पळतात कारण त्यांना पैसे घ्यायला सरळ खिडकी हवी आहे. ऑनलाइन पैसे घ्यायची सोय देणाऱ्या स्ट्राइपने मे २०२४ पासून भारतात नवीन खाती फक्त निमंत्रणावर ठेवली. पेपालने एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत व्यवहार बंद केले. एकाच दुकानातून पुण्याचं आणि पेनसिल्व्हेनियाचं गिऱ्हाईक सांभाळायचं तर दोन व्यवस्था उभ्या कराव्या लागतात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सीमापार पेमेंट करणाऱ्या कंपन्यांसाठी नियम आणले आणि आता भारतीय पर्याय उभे आहेत. पण ते पर्याय जुळे सोलापुरातल्या एका खोलीत बसून कोर्स विकणाऱ्या मुलीपर्यंत पोचतच नाहीत. पोचतो तो एजंट. तिच्या फोनवर, तिच्या भाषेत, रात्री अकरालाही.

मग आपली माणसं कुठे आहेत? व्यापाऱ्यांच्या चेंबरमध्ये निर्यातीची माहिती असलेले जुने जाणते लोक आहेत. शहरात सीए मंडळींची शाखा आहे, यंत्रमागधारकांचा संघ आहे, होटगी रोडला जिल्हा उद्योग केंद्र आहे. यांच्यातल्या कुणीही आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल मांडावं. त्यावर एसएस-४ च्या छापील प्रती, दोन्ही पानांच्या. शेजारी आयईसी आणि एलयूटी समजावणारा एक माणूस, आणि ५४७२ चा दंड आधी सांगणारा एक. आयएसडी चालू असलेला एक फोन. टेबल उन्हाळ्यात दुपारी साडेतीनच्या आत मांडू नका, हिवाळ्यात साडेचारच्या. तोपर्यंत आयआरएसची ती ओळ बंद असते.