सुट्टीतली ड्यूटी

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या रिसॉर्टवर उतरलेल्या जोडप्याचा पहिला दिवस म्हणजे ड्यूटीच. फक्त पगार आपण द्यायचा. रांग चुकवणारा पास तिथे १९९९ साली आला तो फुकट. २०२१ पासून त्याचे पैसे पडू लागले. म्हणजे उद्यान आता पाळण्यांइतकीच रांगेतून सुटकाही विकतं, आणि सुटका खपायची तर रांग लांबलचक हवीच! रिसॉर्टच्या पाहुण्यांना हे पास सात दिवस आधी घेता येतात. त्यामुळे नवरा-बायकोची पहिली चकमक घरीच उरकते, ही सोय म्हणायची. कुणी म्हणेल, सक्ती कुठे आहे? पोहण्याच्या तलावाकाठी खुशाल लोळा. कबूल, पण तिकिटाचा आकडा डोक्यात ठेवून लोळायला योग्याचं मन लागतं, आणि योगी सहसा ऑर्लँडोचं बुकिंग करत नाहीत.