पद्मिनीची दोन नळकांडी

मेहुण्याने १९७८ची प्रीमियर पद्मिनी घेतली. ब्रेक अजून तीनदा पंप केल्याशिवाय लागत नाहीत, पण चर्चा सुरू झाली सायलेन्सरपासून. "दाजी, ड्युअल एग्झॉस्ट टाकायचंय. मस्टँगसारखं!"

आता जुन्या मस्टँगच्या व्ही-८ इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन बाजू. प्रत्येक बाजूला तिची नळी, आणि मधे दाब सारखा करायला एच नाहीतर एक्स आकाराचा जोड. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. चार सिलिंडर, एका ओळीत, रेशनच्या रांगेसारखे. त्याला मागे दोन नळ्या म्हणजे वन रूम किचनला दोन दिंडी दरवाजे.

मिस्त्रींनी हात पुसत खरा उपाय सांगितला. पहिला-चौथा एकत्र, दुसरा-तिसरा एकत्र, मग दोन्हींची मिळून एक नळी. फायरिंग १-३-४-२ असल्यामुळे एकाचा धूर लगेच दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. "गाडी थोडी मोकळी पळेल. बाहेरून दिसणार मात्र काही नाही."

दिसणार नाही म्हटल्यावर मेहुण्याचा उत्साह तिथेच बंद पडला.

मग गाडीच्या कडेने खालून जाणाऱ्या साइड पाइपचा बेत निघाला, तो सोसायटीच्या दारातल्या स्पीडब्रेकरने हाणून पाडला. (तो वॉचमनपेक्षा कडक आहे.) शेवटी बंपरखाली क्रोमचं दुसरं तोंड नुसतं वेल्ड करून घेतलं, पुढे नळीच नाही.

रविवारी गाडी सुरू करून मेहुणा ऐटीत उभा. तळमजल्यावरच्या पोराने मागे वाकून हात धरला आणि ओरडलं, "काका, एकातून हवाच येत नाहीये!"