नदी सरळ करा, बिल सरळ काढा
नवशिक्या जलनियोजनकारांसाठी, खास वाशीम जिल्हा आवृत्ती

अभिनंदन! वाशीम जिल्ह्याचं पाणी वाढवायचं तुम्ही मनावर घेतलंय. त्यासाठी पदवी, अनुभव किंवा भर पावसात धुऱ्यावरून चालायची सवय यातलं काहीच लागत नाही. गॉगल मात्र लागतो.

1. नकाशा एकदा पाहा आणि घडी घालून ठेवा. वाशीम बसलंय दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर. काटेपूर्णा इथं उगम पावते आणि अकोल्याकडे निघून जाते. महानच्या धरणातून तिचं पाणी अकोलेकर पितात. पूस जाते पुसदला. अरुणावतीचं मोठं धरण यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसजवळ. पैनगंगा दक्षिणेच्या सीमेवरून पुढं इसापूरला जाते. थोडक्यात, उगम आपला आणि धरण शेजाऱ्याचं. नवशिके इथं हळवे होतात. होऊ नका. अशा उंचवट्यावर पाणी अडवायचं तर माथ्यापासून पायथ्यापर्यंत शेकडो बारकी कामं करावी लागतात, आणि बारक्या कामाच्या भूमिपूजनाला मंत्री येत नसतात.

2. नाला खोल करा. हा या विद्येचा गाभा आहे, म्हणून सावकाश शिका. पोकलेन उतरवा. काठची झाडं, डोह, वळणं सगळं साफ करा. नाला सरळ झाला की ड्रोनमधून देखणा दिसतो. पाण्याचीही सोय होते: पूर्वी वळणावळणावर रेंगाळणारं पाणी आता तासाभरात शिवाराबाहेर.

खोली किती? डिझेल संपेपर्यंत. कुणी भूजलवाला येऊन सांगेल की वर माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण; विहिरींना पाणी त्या मुरमातून येतं, तो थर कापला तर काठावरच्या विहिरी नाल्यात रिकाम्या होतील. बरोबर सांगतोय तो. त्याला चहा पाजा. विहिरी रिकाम्या होत असतात तेवढे दिवस नाला भरलेला दिसतो, फोटो त्याच दिवसांत उरकून घ्या.

निघालेली माती काठावरच रचा. पहिल्या मोठ्या पावसात ती परत नाल्यात जाते आणि पुढच्या वर्षीच्या गाळ काढण्याच्या कामाची तजवीज आपोआप होते.

3. साठा मोजा, पण पाणी मोजू नका. खड्ड्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, आणि पावसाळ्यात तो जितक्या वेळा भरावा असं तुम्हाला वाटतं तितक्यानं पुन्हा गुणा. उत्तर ‘टीसीएम’मध्ये लिहा, हजार घनमीटर म्हटलं की लोक शंका विचारतात. साठ्यासारखीच मुदतही फार मनावर घेऊ नका. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान निघालं ते 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायला. 2019 आलं आणि गेलं, नंतर अभियानाचा दुसरा टप्पा आला. मुदत टळली म्हणून योजना टळत नाही, हे मनावर कोरून घ्या.

4. बॅरेज बांधा. पैनगंगेवर कोकलगाव, जुमडा, अडगाव अशी 11 बॅरेजेस उभी आहेत. सिंचनाचा अनुशेष मोजायला 1983 साली दांडेकर समिती नेमली होती. तो अनुशेष भरून काढायचा मोठा आधार म्हणजे हीच बॅरेजेस. दारं टाकली की पात्रात पाणी थांबतं, आणि ते थांबलेलं पाणी पाहून भलेभले भारावतात. आता ते वर शेतात चढवायचं तर मोटारपंप हवा, पंपाला वीज हवी, विजेला रोहित्र आणि उपकेंद्र हवं. ही यादी अंदाजपत्रकात घालायचा मोह आवरा. वीज हे दुसऱ्या खात्याचं काम. दोन खात्यांनी एकाच वेळी एकच काम पुरं करायचं हा पायंडा घातक आहे. बॅरेज आधी, वाहिन्या मागाहून. मधल्या काळात काठावरचा शेतकरी म्हणेल, ‘‘पानी त दिसते सायेब, पन मोटार कायच्यावर चालवू?’’ त्याच्या खांद्यावर हात ठेवा. प्रस्ताव वर गेलाय म्हणा. तो खरंच गेलेला असतो.

5. लहान कामांचा कंटाळा आला की नदीजोडाकडे वळा. वैनगंगेचं पाणी गोसीखुर्दहून नळगंगेपर्यंत सवाचारशे किलोमीटर न्यायच्या प्रकल्पाला ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली. खर्च 87 हजार कोटींच्या वर. लाभाचे जिल्हे सहा: नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा. वाशीम शोधू नका, डोळे दुखतील. निवेदन द्या. वगळलं जाणं ही नेत्यांसाठी कालव्यापेक्षा टिकाऊ मालमत्ता असते.

6. दोन फायली, दोन कपाटं. एकीत वाढलेला साठा, दुसरीत पाणीटंचाई कृती आराखडा, म्हणजे ऑक्टोबर ते जून तीन टप्प्यांत टँकर, विंधन विहिरी आणि खासगी विहिरींचं अधिग्रहण. दोन्ही फायली एका टेबलावर येऊ देऊ नका. आणि अधिग्रहणाची यादी करताना खोल केलेल्या नाल्याकाठच्या विहिरी धरू नका. त्यांच्यात पाणी नसतं.